डीनचा बंगला

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालू लागलं, की डाव्या हाताला आधी टाइम्सची इमारत लागते, मग अंजुमन-इ-इस्लामची, आणि मग सर जे. जे. कला महाविद्यालयाचं आवार. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, पदपथावर पसरलेला माल, कोपर मारत पुढे सरकणारी गर्दी. फाटकातून आत गेलं की दहा पावलांत झाडी सुरू होते. त्या झाडीत एक दुमजली बंगला आहे. लाकडी खांब, लाकडी जाळीकाम, रुंद व्हरांडे, उतरतं छप्पर आणि पुढे काढलेली पोर्च. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांसाठी मुंबईच्या हवेला साजेशी जी घरं बांधली गेली, त्यांतली फार थोडी आता उरली आहेत. त्यांपैकी हे एक. कलाशाळेचे प्रमुख पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिले, म्हणून आवारातले लोक याला ‘डीनचा बंगला’ म्हणतात. बाहेरचं जग मात्र याला किपलिंगचा बंगला म्हणून ओळखतं.

ओळखण्याला कारण आहे. दर्शनी भागात रडयार्ड किपलिंगचा अर्धपुतळा आहे आणि ३० डिसेंबर १८६५ या दिवशी त्याचा जन्म इथे झाला, असं सांगणारा फलक आहे. जन्म याच आवारात झाला, हे खरं. पण तेव्हा इथे निराळं, साधंसं घर होतं. ते पुढे राहिलं नाही आणि त्या जागी १८८२च्या सुमारास आजचा बंगला उभा राहिला. तोपर्यंत किपलिंग मुंबई सोडून गेला त्याला दहाहून अधिक वर्षं झाली होती. त्याचं बालपण या छपराखाली गेलेलं नाही. या खांबांना धरून तो कधी उभा राहिला नाही, या जिन्यावरून धडपडला नाही.

ज्यांनी हे घर खरोखर वापरलं, ज्यांनी इथल्या व्हरांड्यात बसून चित्रं तपासली, विद्यार्थ्यांना बोलावून घेतलं, अजिंठ्याच्या मोहिमा आखल्या, त्यांच्यातल्या कुणाचं नाव या घराला चिकटलं नाही. मला ही गोष्ट अस्वस्थ करते. एखाद्या घराचा इतिहास सांगताना आपण तिथे कोण जन्मलं हे आधी विचारतो आणि तिथे कोणी काय केलं हे विचारायला विसरतो. हा बंगला पाहताना मला दुसरा प्रश्न पहिल्या जागी आणावासा वाटतो.

पण आधी त्या जन्माकडे जाऊ, कारण तोही या जागेच्या इतिहासाचा खरा भाग आहे.

१८६५ सालच्या मे महिन्यात जॉन लॉकवुड किपलिंग आणि त्याची पत्नी ॲलिस मुंबईच्या बंदरात उतरले. लग्न होऊन दोनच महिने झाले होते. लॉकवुड सत्तावीस वर्षांचा होता. स्टॅफर्डशरमधल्या कुंभारकामाच्या प्रदेशात त्याने शिक्षण घेतलं होतं आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या शिल्पसजावटीवर काम केलं होतं. ॲलिस ही मॅकडॉनल्ड घराण्यातली. तिच्या एका बहिणीने चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सशी लग्न केलं, दुसरीने एडवर्ड पॉइंटरशी, आणि तिसरीचा मुलगा स्टॅन्ली बाल्डविन पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. स्टॅफर्डशरमधल्या रडयार्ड नावाच्या तलावाकाठी ॲलिस आणि लॉकवुडची ओळख झाली होती. मुलाला त्यांनी त्या तलावाचं नाव दिलं.

ते आले ती मुंबई एका उलथापालथीच्या मधोमध होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकशरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याच्या जुन्या भिंती पाडायला घेतल्या, रुंद रस्ते आखले, मोठमोठ्या सार्वजनिक इमारतींची स्वप्नं पाहिली. १८६५च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि त्याच उन्हाळ्यात बँका नि कंपन्या धडाधड बुडाल्या. किपलिंग दांपत्य नेमकं या पडझडीत येऊन पोचलं. तरीही इमारती थांबल्या नाहीत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, व्हिक्टोरिया टर्मिनस हे सगळं उभं राहिलं. त्या इमारतींना घडवणारे, कोरणारे, रंगवणारे हात हवे होते. ते हात तयार करायला एक शाळा होती.

ती शाळा जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून निघाली होती. चीनच्या व्यापारात, कापूस आणि अफूच्या उलाढालीत, त्यांनी अफाट संपत्ती मिळवली आणि त्यातली मोठी रक्कम दानधर्मात घातली. त्या पैशाचा उगम काय होता हे विसरू नये, आणि त्याचं पुढे काय झालं हेही विसरू नये. देशी कारागिरांना नवं शिक्षण मिळावं म्हणून १८५३ साली त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. मार्च १८५७मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत चित्रकलेचा पहिला वर्ग भरला. १८६५मध्ये इंग्लंडहून तज्ज्ञ शिक्षक मागवण्यात आले. लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्पासाठी आला, जॉन ग्रिफिथ्स सजावटीच्या चित्रकलेसाठी आणि हिगिन्स लोखंडाच्या कलाकुसरीसाठी.

त्या वर्षअखेरीला आवारातल्या घरात मूल रडलं. रडयार्डच्या आठवणींचं पुस्तक, ‘समथिंग ऑफ मायसेल्फ’, त्याच्या मृत्यूनंतर १९३७ साली आलं. त्याच्या पहिल्या पानांवर मुंबई आहे. पहाटेचा उजेड, सोनेरी नि जांभळी फळं, आयेबरोबर बाजारातून फिरणं. आया गोव्याकडची ख्रिस्ती होती; रस्त्याकाठच्या क्रुसापाशी ती थांबून प्रार्थना करायची आणि मूल शेजारी उभं राहायचं. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला देवळांत घेऊन जायचा. दुपारी झोपवताना दोघं त्याला आपल्याकडच्या गोष्टी आणि गाणी ऐकवत. संध्याकाळी आईवडिलांकडे पाठवताना त्याला बजावलं जायचं, की आता इंग्रजीत बोल. मूल ज्या बोलीत विचार करायचं, स्वप्नं पाहायचं, ती इथली होती. इंग्रजी त्याला सावकाश शब्द जुळवत बोलावी लागे.

एप्रिल १८७१मध्ये सव्वापाच वर्षांच्या रडयार्डला आणि त्याची धाकटी बहीण ट्रिक्स हिला इंग्लंडला नेण्यात आलं आणि साउथसी इथल्या एका अनोळखी कुटुंबात ठेवण्यात आलं. हिंदुस्थानातले इंग्रज मुलांना असंच वाढवत. तिथे त्याने जो जाच सोसला तो आयुष्यभर त्याच्या मनातून गेला नाही. मुलांचा निरोपही न घेता आईवडील निघून गेले होते. आयेच्या हातातून काढून घेतलेल्या त्या मुलाबद्दल मला खरोखर कळवळा वाटतो. ऑक्टोबर १८८२मध्ये सोळा वर्षांचा किपलिंग पुन्हा मुंबईला उतरला, तेव्हा बंदराचे वास नि दृश्यं पाहून त्याच्या तोंडून देशी भाषेतली वाक्यं बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ त्यालाच आठवत नव्हता. जिभेने जपलं होतं ते मन विसरून गेलं होतं. तो लगेच आईवडिलांकडे लाहोरला गेला आणि वर्तमानपत्रात कामाला लागला.

पुढचा किपलिंग सगळ्या जगाला माहीत आहे. ‘जंगल बुक’, ‘किम’, १९०७चं नोबेल पारितोषिक. हा मान मिळवणारा तो इंग्रजीतला पहिला लेखक. आणि त्याच हाताने साम्राज्याचं समर्थन लिहिलं. गोऱ्यांनी काळ्यांवर राज्य करणं हे ईश्वरी कर्तव्य आहे असं तो मानत होता. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी जो निधी जमवला गेला त्याला त्याने पैसे दिले. या बंगल्याचं काय करावं याची चर्चा निघाली की त्याच्या नावाचं स्मारक व्हावं का यावर वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. माझं मत असं की पुतळा काढू नये, फलकही काढू नये. त्या मुलाने या मातीतून घेतलं ते खरं होतं आणि मोठेपणी या मातीच्या माणसांना त्याने जे हिणवलं तेही खरं होतं. दोन्ही लिहावं. पण एवढंच लिहून थांबलं तर ज्यांनी इथे आयुष्य घातलं त्यांच्यावर अन्याय होतो. किपलिंग या जागेत पाच वर्षं राहिला. ती पाच वर्षं त्याने खेळण्यात घालवली, जशी कोणत्याही मुलाने घालवावीत.

त्याचा बाप मात्र इथे राबत होता. लॉकवुडबद्दल मला अधिक आपुलकी वाटते. विल्यम इमर्सन या तरुण वास्तुकाराने बांधलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवर त्याने उठावशिल्पं केली. शेतात आणि बाजारात कष्टणारी इथली माणसं त्याने दगडात आणली. आतल्या कारंज्याची शिल्पसजावटही त्याचीच. १८६९ साली ते मार्केट पुरं झालं. कलाशाळेपासून ते हाकेच्या अंतरावर आहे. फळबाजाराच्या ज्या रंगांनी मुलाचे डोळे भरले, त्याच बाजाराच्या कमानींवर बापाची बोटं फिरली होती. लॉकवुड गावोगावच्या कारागिरांची रेखाटनं करायचा. विणकर, कुंभार, सुतार, सोनार काम करताना कसे बसतात, हत्यार कसं धरतात, पायाचा अंगठा कसा चिमट्यासारखा वापरतात, हे तो बारकाईने टिपायचा. १८७५मध्ये तो लाहोरच्या मेयो स्कूलचा प्रमुख होऊन गेला. तिथे त्याच्या हाताखाली तयार झालेल्या भाई रामसिंग यांनी पुढे राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसमधला दरबार हॉल सजवला.

लॉकवुड गेला आणि ग्रिफिथ्स राहिला. बंगला बांधला गेला तेव्हा शाळेची धुरा त्याच्याकडे होती. वेल्समध्ये जन्मलेला हा चित्रकार तिशीही पुरी न झालेला असताना मुंबईला आला आणि तीस वर्षांनी, १८९५मध्ये, परत गेला. माझ्या दृष्टीने या घराचा पहिला खरा रहिवासी तोच. त्याने आपलं आयुष्य दोन मोठ्या कामांत ओतलं. दोन्ही कामं महाराष्ट्राच्या दगडाशी बांधलेली आहेत.

पहिलं काम अजिंठ्याचं. ग्रिफिथ्स येण्याच्या आधी मेजर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अनेक वर्षं अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. काम पुन्हा पहिल्यापासून करणं भाग होतं. १८७२मध्ये ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन वाघूर नदीच्या त्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर गेला. मध्ये पैशाअभावी खंड पडला, तरी १८८५पर्यंत हे काम चाललं. लेण्यांमधला अंधार, वटवाघळांचा वास, भिंतींवर साचलेली काजळी. ज्या बोधिसत्त्वाचा एक डोळाच शिल्लक उरला आहे, त्याच्यासमोर तासन्‌तास बसून पापणीची रेषा उतरवायची. पेस्तनजी बोमनजी हा पारशी तरुण त्या विद्यार्थ्यांतला एक होता. पुढे त्याने याच शाळेत शिकवलं आणि पारशी घरांतले शांत प्रसंग रंगवून स्वतःचं नाव केलं.

केलेल्या प्रतिकृती लंडनला पाठवल्या गेल्या. १८८५मध्ये साउथ केन्सिंग्टनमध्येही आग लागली आणि त्यांतल्याही बऱ्याच नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या प्रतिकृतींवर दुसऱ्यांदा आग आली होती. पण कामाच्या नोंदी आणि उरलेली चित्रं हाती होती. ग्रिफिथ्सने १८९६-९७मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवरचे दोन भव्य खंड प्रसिद्ध केले. आज अजिंठ्यातली काही चित्रं इतकी विरली आहेत की त्या काळच्या प्रतिकृतींकडे पाहूनच ती वाचता येतात. एखाद्या मोठ्या कलेचं अस्तित्व नंतरच्या पिढीच्या नक्कल करणाऱ्या हातांवर कसं टिकून असतं, हे मला इथे कळतं. तेरा वर्षं दुसऱ्याची रेषा गिरवणाऱ्या त्या विद्यार्थ्यांकडे त्यांची स्वतःची चित्रं काढायला किती वेळ उरला असेल? त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कोणी घेत नाही. बंगल्याच्या भिंतीवर एखादी ओळ लिहायची झाली तर मी त्यांच्यापासून सुरुवात करीन.

दुसरं काम व्हिक्टोरिया टर्मिनसचं, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या त्या इमारतीवरचा प्रत्येक कोपरा पानाफुलांनी आणि प्राण्यांनी भरलेला आहे. मोर, माकडं, खारी, पक्षी, वेली. ही सजावट घडवण्यात ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या या शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. २००४पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. रोज लाखो माणसं त्या मोरांखालून लोकल पकडायला धावतात. ती सजावट शेजारच्या आवारातल्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे, हे किती जणांच्या ध्यानात येतं? शाळेत तेव्हा कुंभारकाम चालायचं, आणि तिथल्या मडक्यांवर अजिंठ्याच्या नक्षीची वळणं उतरायची. १८९१च्या सुमारास लॉर्ड रे यांच्या नावाच्या कार्यशाळा सुरू झाल्या. चांदीकाम, गालिचे, लाकडावरचं कोरीवकाम तिथे शिकवलं जायचं. गोव्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद हे थोर व्यक्तिचित्रकार पुढे या कार्यशाळांचे प्रमुख होते.

या सगळ्याला एक दुखरी बाजू होती. इंग्रज शिक्षणाधिकाऱ्यांचा समज असा, की हिंदी माणसाचा हात कुशल आहे पण त्याला खऱ्या, उच्च कलेची दृष्टी नाही. ती युरोपने द्यायची. म्हणून ग्रीक देवतांचे प्लास्टरचे साचे बोटीने मुंबईत आणले गेले आणि कोकणातून, देशावरून आलेली मुलं अपोलोची मान नि व्हीनसचे खांदे कोळशाने छायांकित करत बसली. हे शिक्षण अपमानावर उभं होतं. पण शिकणाऱ्याने त्याचं काय केलं हे पाहिलं की माझी मान ताठ होते.

१८९६मध्ये गणपतराव म्हात्रे नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने प्लास्टरमध्ये एक मूर्ती घडवली. देवळाकडे निघालेली मराठी तरुणी. नऊवारीच्या चुण्या अंगाला बिलगलेल्या, पाऊल नुकतंच उचललेलं, चेहऱ्यावर देवाच्या भेटीला जातानाची एकाग्रता. ‘मंदिरपथगामिनी’. तिच्या वस्त्राच्या चुण्यांमध्ये ग्रीक साच्यांपाशी केलेला सगळा अभ्यास आहे, आणि ती मुलगी मात्र पूर्णपणे आपल्या अंगणातली आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी या शिल्पावर लेख लिहिला. ती मूर्ती आजही जे. जे.च्या आवारात आहे. मुंबईत कोणी कलेविषयी काही दाखव म्हणालं तर मी त्याला तिच्यापुढे नेऊन उभा करीन.

त्याच सुमारास कोल्हापूरचा एक तरुण या शाळेत रुळला होता. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९०मध्ये आले ते विद्यार्थी म्हणून. पुढे शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले, आणि निवृत्तीच्या आधी काही काळ प्रभारी संचालकही होते. १९३१मध्ये ते बाहेर पडले आणि आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. ज्यांना पदाने या बंगल्याची दारं उघडी व्हावीत असे ते पहिले भारतीय. इंग्रज प्रमुख येत गेले, बदलत गेले. धुरंधर तिथेच राहिले. मुंबईच्या गल्ल्यांतली, घाटांवरची, लग्नमंडपांतली, सणांतली माणसं त्यांनी हजारो रेखाटनांत धरून ठेवली. एस. एम. एडवर्ड्‌सच्या मुंबईवरच्या पुस्तकाला आणि ऑटो रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकाला त्यांचीच चित्रं आहेत. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर आणि त्रिंदादांची मुलगी आंजेला, दोघीही याच शाळेत शिकून चित्रकार झाल्या. शिल्पात आणि चित्रांत बाई विषय म्हणून होतीच. या दोघींच्या हातात कुंचला होता. या आवाराच्या इतिहासात मला हा क्षण फार मोठा वाटतो.

आणखी एक विद्यार्थी आठवतो. १८८५मध्ये त्र्यंबकेश्वरकडचा एक पंधरा वर्षांचा मुलगा इथे चित्रकला शिकायला दाखल झाला. धुंडिराज गोविंद फाळके. २८ वर्षांनी त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. पडदे रंगवणं, देखावे उभे करणं, चौकटीत माणसं बसवणं याचे पहिले धडे त्याने या झाडांखाली घेतले.

बंगल्यात नवे प्रमुख येत राहिले. सेसिल बर्न्सच्या काळात वास्तुकलेच्या शिक्षणाची पायाभरणी झाली. १९१९मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन आले आणि त्यांनी जिवंत मॉडेल समोर बसवून शिकवण्याचा वर्ग सुरू केला, पाठोपाठ भित्तिचित्रांचाही. नव्या दिल्लीतल्या सचिवालयाच्या भिंती रंगवायचं काम मुंबईच्या विद्यार्थ्यांना मिळालं. बंगालच्या चित्रकारांना मुंबईची ही शैली परकी वाटायची आणि दोन्हीकडून लेखण्या झिजत. १९३२च्या सुमारास वेगळंच संकट आलं. मंदीचे दिवस होते, आणि खर्च कपातीसाठी नेमलेल्या सरकारी समितीने शाळाच बंद करण्याची शिफारस केली. कलावंत, नागरिक, वर्तमानपत्रं उभी राहिली आणि शाळा वाचली. त्या वेळी हे लोक गप्प बसले असते तर पुढे सांगणार आहे ते काहीच घडलं नसतं.

सॉलोमन यांच्यानंतर आलेल्या चार्ल्स जेरार्ड यांनी युरोपातल्या नव्या चित्रकलेची खिडकी उघडली. गोव्यात जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा याच काळात इथे शिकत होता. ‘भारत छोडो’च्या दिवसांतल्या वागणुकीमुळे त्याला शाळेतून काढून टाकलं गेलं. १९४७मध्ये त्याने साथीदारांबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यातले सय्यद हैदर रझा आणि सदानंद बाकरे हेही इथेच घडलेले. १९४८मध्ये पदविका घेऊन वासुदेव गायतोंडे बाहेर पडले. अपोलोच्या साच्यापुढे सुरू झालेली वाट गायतोंड्यांच्या निःशब्द रंगांपाशी पोचली. स्वातंत्र्यानंतर शाळेची सूत्रं आपल्या लोकांच्या हाती आली, आणि शंकर पळशीकरांसारख्या चिंतनशील चित्रकाराने डीन म्हणून ती सांभाळली.

हा सगळा इतिहास मुंबईतल्या एका आवारातला, म्हणून बाकीच्या महाराष्ट्राला दूरचा वाटेल. मला तो दूरचा वाटत नाही, कारण तो माझ्या शाळेच्या वर्गापर्यंत आला होता. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय चित्रकला परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. मीही बसलो होतो. टेबलावर ठेवलेला तांब्या, शेजारी वांगं, मागे दुमडलेलं कापड. गुडघ्यावर ड्रॉइंग बोर्ड, टू-बीची पेन्सिल, पाण्याच्या डबीत विरघळत जाणारा निळा रंग. स्मरणचित्रात आम्ही सगळे बाजार काढायचो, बसस्टँड काढायचो, गणपतीची मिरवणूक काढायचो. आमचे चित्रकलेचे शिक्षक सांगायचे, आधी बघा, मग काढा. तांब्याची कड जिथे उजेडात विरते तिथे रेघ ओढू नका. हे त्यांना कुणी सांगितलं होतं? त्यांच्या शिक्षकांनी, आणि त्यांना त्यांच्या. मागे मागे जात राहिलं की या परीक्षांची मुळं एकोणिसाव्या शतकात या शाळेभोवती उभारलेल्या चित्रकला-शिक्षणाच्या व्यवस्थेत सापडतात. इंग्रजांनी ती आपल्या गरजेपोटी बसवली असेल. पण सांगली, यवतमाळ, रत्नागिरीच्या मुलांना निरखायला शिकवण्याचं काम तिने केलं. माझ्या हाताला पुढे चित्रं काढता आली नाहीत. डोळ्यांना मात्र उजेडाची कड दिसते, आणि ती देणगी मी आयुष्यभर वापरत आलो.

बंगल्याची मधल्या काळात फार दुर्दशा झाली होती. लाकूड किडलं, छत गळू लागलं, राहणारं कोणी उरलं नाही. नंतर दुरुस्तीची कामं निघाली आणि घर सावरलं. आता जे. जे. अभिमत विद्यापीठ झालं आहे. या घराने आता काय व्हावं, हा प्रश्न यामुळे अधिक निकडीचा झाला आहे. अशा वास्तूंचं आपल्याकडे सहसा दोनपैकी एक होतं. एक तर कुलूप लागतं, किंवा कुणा एका थोर माणसाच्या नावाने खोल्या सजवून दोऱ्या बांधल्या जातात. दोन्हींत घर थांबून जातं.

मी या घरासाठी एक गोष्ट मागतो. किपलिंगचा पुतळा जिथे आहे तिथे राहू द्यावा, आणि फलकाखाली हे लिहावं की तो या आवारात जन्मला, हे घर नंतरचं आहे. मग आतल्या खोल्यांत राबलेल्यांना आणावं. लॉकवुडची कारागिरांची रेखाटनं. ग्रिफिथ्स आणि पेस्तनजींचं अजिंठा, आणि त्यांच्या बरोबर गेलेल्या ज्या ज्या विद्यार्थ्याचं नाव कागदोपत्री सापडेल ते प्रत्येक नाव. धुरंधरांची मुंबई, त्रिंदादांची माणसं, अंबिका आणि आंजेलाची चित्रं. आणि एक खोली, सर्वांत जास्त उजेडाची, चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांची असावी. दर वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडलेली त्यांची स्मरणचित्रं तिथे लागावीत, आणि ज्यांची चित्रं लागतील त्या मुलांना शाळेच्या खर्चाने मुंबईला आणून त्या व्हरांड्यात दिवसभर चित्र काढू द्यावं. कला शिकवण्यासाठी बांधलेल्या शाळेच्या प्रमुखाचं हे घर. त्याचा वारसा जपायचा तर तिथे शिकणं चालू राहिलं पाहिजे, आणि शिकणाऱ्यांत गडचिरोलीचं मूलही असलं पाहिजे.